चेक इंजिनचा लाइट लागलाय, स्कॅनरवर पी०१३५ येतंय, ऑक्सिजन सेन्सर घरी बदलता येईल का?

येईल की, पण नवा सेन्सर मागवायच्या आधी जरा थांबा. पी०१३५ हा सेन्सरला लवकर गरम करणाऱ्या, त्याच्या आतल्या हीटरच्या सर्किटचा कोड आहे, बँक १ (इंजिनची पहिल्या सिलिंडरची बाजू) चा सेन्सर १, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) आधीचा. त्यामुळे पहिले फ्यूज बघा, वायर कुठे एक्झॉस्टला टेकून वितळलीय का ते बघा, मग कनेक्टर काढून सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा (बऱ्याच सेन्सरमध्ये या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या असतात). गार इंजिनवर थोडेसेच ओहम यायला हवेत, काहीच दाखवत नसेल तर हीटर गेला समजा. वायरच जळलेली असेल तर नवा सेन्सर लावूनही लाइट परत येणार, पैसे पाण्यात.

बदलायला खरी मारामारी एकच, जुना सुटत नाही. आदल्या रात्री गार एक्झॉस्टवर पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेले आटे सुटायला मारतात ते तेल) मारून ठेवा, सकाळी इंजिन एखाद-दोन मिनिटं चालवून बंद करा, नुसतं कोमट पाहिजे, लालबुंद नको, आणि हातमोजे घालाच. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर अजिबात नाही, स्टँड लावा. साधा पाना घेतला की नटाचे कोपरे जातात, बाजूला फाट असलेलं सॉकेट मिळतं ते घ्या, बहुतेक सेन्सरला २२ एमएम लागतं, त्या फटीतून वायर बाहेर राहते. सुटायला लागला की एकदम जोर काढू नका, थोडा सोडा, परत थोडा आवळा, तेल मारा, परत सोडा, नाहीतर पाइपचे आटे सोबत घेऊन येतो आणि मग गाडी उचलून गॅरेजलाच न्यावी लागते.

नव्याच्या टोकाला हात, तेल, ग्रीस काही लागू देऊ नका, सिलिकॉन तर नकोच, त्याने सेन्सर मरतो. आट्यांवर अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) बहुतेक वेळा कंपनीनेच लावलेलं असतं, नसेल तर सेन्सरला चालणारं आट्यांपुरतंच लावा. आधी हातानेच फिरवत पूर्ण बसवा, मग मॅन्युअलमधला टॉर्क (आवळायचा जोर) द्या, साधारण ४० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. वायर मूळ क्लिपांमध्येच अडकवा. युनिव्हर्सल सेन्सर स्वस्त पडतो पण वायरी कापून जोडत बसायला लागतं, मी तरी मूळ कनेक्टरवालाच घेतो. शेवटी स्कॅनरने कोड क्लिअर करा आणि पूर्ण गार इंजिनवरून सुरू करून गाडी फिरवून आणा, हीटरचा दोष राहिला असेल तर तो तेव्हाच परत उगवतो.