एका रिकाम्या जागेचे बारा दावेदार

प्रश्न : शब्दकोडी सोडवताना इंग्रजीतील पाच अक्षरांच्या शब्दांचा एक गट मला वारंवार अडवतो. फाइट, लाइट, नाइट, राइट अशा शब्दांत आय-जी-एच-टी ही शेवटची चार अक्षरे तीच राहतात आणि केवळ पहिले अक्षर बदलते. सहा प्रयत्नांत पाच अक्षरांचा शब्द ओळखण्याच्या ‘वर्डल’ या ऑनलाइन कोड्यात तर ही चारही अक्षरे हिरवी झाल्यानंतर, म्हणजे योग्य जागी बसल्यानंतर, सहा प्रयत्न संपून जातात. असे शब्द एकूण किती, ते शोधण्याची काही रीत आहे का, आणि उच्चारात नसलेली जी-एच ही जोडी इतक्या शब्दांत आली कोठून?

— एक वाचक

उत्तर : शोधण्याची रीत आपल्याला वाटते त्याहून सोपी आहे. शब्द पाच अक्षरांचा आणि ठरलेला क्रम चार अक्षरांचा असेल, तर तो क्रम दोनच ठिकाणी बसू शकतो : शब्दाच्या आरंभी किंवा शेवटी. उरलेल्या एका जागी २६ अक्षरांपैकी कोणतेही येऊ शकते, म्हणजे तपासायच्या जुळण्या अवघ्या ५२. हे काम कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत होते. क्रम तीनच अक्षरांचा असता, तर तीन जागा आणि प्रत्येक जागेसाठी ६७६ जुळण्या मिळून हा आकडा २०२८ वर गेला असता. तेथे मात्र संगणकावरील शब्दसूचीच हाताशी हवी.

आपल्या क्रमाने सुरू होणारा पाच अक्षरांचा शब्द रोजच्या इंग्रजीत नाही. त्याने संपणारे नित्याचे शब्द आठ आहेत. ई, एफ, एल, एम, एन, आर, एस आणि टी ही अक्षरे आरंभी ठेवली की एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि टाइट हे शब्द मिळतात. यांखेरीज बी लावून होणारा बाइट, म्हणजे किनाऱ्याचा आत वळलेला रुंद बाक किंवा दोराचा सैल वळसा, आणि डब्ल्यू लावून होणारा वाइट, म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘जीव’ किंवा ‘माणूस’, हे दोन शब्द कोशांत सहज सापडतात. डी आणि एच लावून होणारे ‘सजवलेला’ व ‘नामक’ या अर्थांचे दोन शब्द केवळ जुन्या काव्यापुरते उरले आहेत. त्यांनाही पंक्तीत बसवले, तर संख्या बारा होते.

या यादीत एट हा एकच शब्द इतरांशी यमक जुळवत नाही, हे आपल्या ध्यानात आले असेलच. त्यात ई-आय ही स्वरांची जोडी आहे आणि तिच्यापुढे जी-एच-टी आलेले आहे. ई वेगळा काढून उरलेल्या चार अक्षरांना गटात घालणे ही आपण केलेली तोड आहे, भाषेने केलेली नव्हे. अक्षरांचा क्रम सारखा असणे आणि उच्चार सारखा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कोडी रचणारे या फटीचा पुरेपूर लाभ घेतात.

आता जी-एचविषयी. ही जोडी पूर्वी मुकी नव्हती. प्राचीन इंग्रजीत येथे घशातून घासत येणारा, ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या मधला एक ध्वनी होता. रात्रीसाठी असलेल्या जर्मन ‘नाख्ट’ या शब्दात तो अजून ऐकू येतो आणि स्कॉटलंडच्या बोलीतही टिकून आहे. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत लेखनिकांनी तो दाखवण्यासाठी जी-एच ही जोडी रूढ केली. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढल्यानंतर लेखन हळूहळू स्थिरावत गेले, उच्चार मात्र बदलत राहिला आणि तो ध्वनी प्रमाण इंग्रजीतून गळून पडला. लिहिण्यात त्याची जागा तेवढी राहिली. त्याही मागे गेल्यास आपल्या परिचयाचे नातेवाईक भेटतात. संस्कृतातील ‘नक्त’ आणि इंग्रजीतील नाइट यांचे मूळ एकच आहे. मूळच्या ‘क्त’मधील ‘क’ जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, तो घासत येणारा ध्वनी झाला आणि पुढे जी-एच या रूपाने लिहिला गेला. एट आणि ‘अष्ट’ यांचेही नाते असेच आहे. अशा अनेक शब्दांत ‘ट’च्या आधी हा ध्वनी होता, म्हणून हा गट इतका भरगच्च दिसतो.

ओ-यू-जी-एच या क्रमात तोच ध्वनी शब्दाच्या शेवटी होता आणि तेथे त्याने कोठे निरोप घेतला, तर कोठे ‘फ’चे रूप धारण केले. म्हणून बी लावून बाउ, डी लावून डो, पण सी, आर आणि टी लावून कॉफ, रफ, टफ होते. हा क्रम आरंभीही बसतो : पुढे टी जोडला की ‘ऑट’ हा पाच अक्षरांचा शब्द तयार होतो.

राहता राहिला वर्डलचा प्रश्न. जॉश वॉर्डल यांनी हे कोडे ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते विकत घेतले. त्यात चार अक्षरे हिरवी झाल्यावर एकेक दावेदार वापरून पाहणे, ही सर्वांत महागडी चाल आहे. त्याऐवजी अनेक संशयित अक्षरे एकाच वेळी तपासणारा शब्द टाकावा. ‘फिल्म्स’ हा शब्द एफ, एल, एम आणि एस या चौघांचा एकदम निकाल लावतो. यांपैकी एकही रंगले नाही, म्हणजे हिरवे किंवा (शब्दात आहे, पण दुसऱ्या जागी, असे सांगणारे) पिवळे झाले नाही, तर ‘टेनर’ हा शब्द टाकावा. ई, एन किंवा आर रंगल्यास उत्तर मिळते आणि पहिल्या जागेवरील टी हिरवा झाला तर उत्तर टाइट असते. आठही नित्याच्या शब्दांचा निवाडा अशा रीतीने फार तर तीन प्रयत्नांत होतो.

ओ-यू-एन-डीने संपणारे बाउंड, फाउंड, साउंड आदी आठ शब्द आणि ए-टी-सी-एचने संपणारे कॅच, मॅच, वॉच आदी सात शब्द यांनाही हीच युक्ती लागू पडते. मात्र आपण ‘हार्ड मोड’ निवडला असेल, तर मिळालेली अक्षरे प्रत्येक प्रयत्नात वापरावीच लागतात आणि फिल्म्ससारखा शब्द नियमात बसत नाही. तेथे सावधगिरी आधीच बाळगावी लागते : जी आणि एच यांचा संशय येताच त्यांना जागेवर बसवण्याची घाई न करता आधी एल, एन, आर, एस ही अक्षरे तपासून घ्यावीत.