कडेचा रंग किती पातळ, किती दाट?

तुला अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या चामड्याच्या पाकिटाच्या कडा भिंगाखाली धरून बघितल्या. शिलाई सरळ आहे, टाकेही एकसारखे पडलेत, बरं वाटलं. कडेचा रंग मात्र एका टोकाला ओघळून वरच्या चामड्यावर आलाय आणि दुसऱ्या टोकाला त्याचे उंचवटे झालेत. एकाच कडेवर हे दोन्ही दिसतं, तेव्हा मला वाटतं काम चालू असताना बाटली उघडीच राहिली असावी. सुरुवातीला पातळ असलेला रंग शेवटाकडे दाट होत गेला.

आपण वापरतो तो एज पेंट, म्हणजे हाच कडेचा रंग, बहुधा पाण्यातला असतो. ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे बारीक कण पाण्यात पसरलेले असतात; पाणी उडालं की ते एकमेकांना धरतात आणि सलग थर तयार होतो. हे बाटलीतही होतं. म्हणून लागेल तेवढाच रंग छोट्या वाटीत काढ आणि बाटलीचं झाकण लगेच घट्ट लाव. वाटीत उरलेला रंग परत बाटलीत ओतू नकोस, त्याच्यासोबत सुकलेल्या गुठळ्या आत जातात.

रंग दाट वाटला तर डिस्टिल्ड वॉटर घाल, पण थेंबाथेंबाने, आणि प्रत्येक थेंबानंतर काडीने हळू ढवळ. बाटली खळखळून हलवायची नाही. आत अडकलेले बुडबुडे सुकताना फुटतात आणि कडेवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. पाणी जास्त झालं तर रंग झाकत नाही, शिवाय चामड्याचे तंतू फुगून उभे राहतात.

किती पातळ, हे बाटलीवर वाचून कळणार नाही. त्याच चामड्याच्या तुकड्यावर बघ. आरीच्या, म्हणजे चामड्याला भोकं पाडायच्या टोच्याच्या, टोकावर थेंब उचलून कडेला टेकव आणि पुढे ओढ. रंगाने आपणहून पसरून मधोमध किंचित फुगीर राहायला हवं. आरी उचलताना शेपूट निघालं आणि ते तसंच राहिलं, तर रंग दाट आहे. कडेचा काठ ओलांडून तो खाली उतरला, तर एक तर रंग पातळ आहे किंवा तू फार घेतलास. आधी कमी घेऊन बघ, मगच रंगाला दोष दे.

रंगाचे सगळे हात एकाच दाटपणाचे नसतात, हे नीट लक्षात घे. पहिला हात पातळ हवा. तो तंतूंत मुरून त्यांना बांधतो. क्रोम टॅनिंगच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या, मऊ, सैल चामड्याला त्याची गरज जास्त. पूर्ण सुकू दे, मग ४०० नंबरच्या सँडपेपरने उभे राहिलेले तंतू घास. पुढचे हात थोडे दाट दे आणि मध्ये ६०० नंबर फिरव.

खड्डा भरायला एकच जाड हात देण्याचा मोह होईल. देऊ नकोस. वरून तो सुकलेला दिसतो, आत ओला राहतो, नंतर आकसून मध्ये बसतो आणि घडीवर तडकतो. दोन चामड्यांच्या जोडाला पायरी राहिली असेल तर रंगाने ती झाकायचा प्रयत्नच करू नकोस. आधी घासून कड सपाट कर.

आता एक पट्टी घे. प्रत्येक नवा हात आधीच्यापेक्षा बोटभर अलीकडे थांबव, म्हणजे सगळे थर वेगवेगळे दिसतील. ती मला पाठव.