वाचकांचे प्रश्न : धुरा, राग आणि देवाची कृपा

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. बाप्तिस्मा घेऊन अकरा वर्षे झाली. धाकट्या भावाने नांगरताना आमच्या दोघांमधला धुरा (बांध) फोडून दोन तास (नांगराच्या ओळी) माझ्या वावरात घेतले, तेव्हापासून त्याला पाहिले की माझा तोल सुटतो आणि तोंडून नको ते शब्द जातात. रविवारी मंडळीत रडून क्षमा मागतो आणि सोमवारी वावरात पुन्हा तेच घडते. माझा विश्वास खोटा आहे काय? आणि सर्व काही देवाच्याच सामर्थ्याने होत असेल, तर माझ्या हाती काय उरते?

उत्तर : भाऊ, तुमचा विश्वास खोटा आहे असे मला वाटत नाही, कारण ज्याचे मन मेले आहे त्याला सोमवारची लाज वाटत नसते. प्रेषित पौलानेही बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात असेच रडगाणे मांडले आहे : जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा आहे तेच घडते. ही बाप्तिस्म्यापूर्वीची स्थिती की नंतरची, याविषयी अभ्यासकांत जुना मतभेद आहे. पण तेथे पाप म्हणजे केवळ एकेक चूक नसून माणसाच्या आत ठाण मांडून बसलेली सत्ता आहे, हे स्पष्ट दिसते. त्या अध्यायातील 15 ते 25 ही वचने सावकाश वाचा. त्यांत ‘मी’ पुन्हा पुन्हा येतो आणि पवित्र आत्म्याचे नाव एकदाही येत नाही. आठवा अध्याय मात्र त्या नावाने भरलेला आहे.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या संन्याशाने शिकवले की मनुष्याने ठरवले तर तो स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन यांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण चांगले करण्याची इच्छाच मुळी कृपेतून जन्मते, असे त्यांचे म्हणणे होते; आणि 418 साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली. मला हा वाद केवळ पुस्तकी वाटत नाही. ‘उद्यापासून मी रागावणारच नाही’ अशी शपथ घेऊन आपण वावरात जातो, तेव्हा आपण सारेच नकळत पेलागियसचे शिष्य झालेलो असतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आठव्या अध्यायातील तेराव्या वचनात आहे. तुम्ही आत्म्याच्या योगे शरीराची कर्मे (म्हणजे आतल्या पापातून घडणारी कृत्ये) ठार माराल तर जगाल, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे मारायचे तुम्हीच, पण ज्या बळाने मारायचे ते तुमचे नव्हे. म्हणून भाऊ धुऱ्यावर दिसल्यानंतर राग गिळण्याची धडपड करण्यापेक्षा, घरून निघण्यापूर्वीच, ‘प्रभू, आज माझ्याने हे होणार नाही, तू मला धरून ठेव’ असे मोकळेपणाने म्हणा. तोंडून शब्द गेलाच, तर रविवारची वाट न पाहता तेथेच क्षमा मागा. बंधूला किती वेळा क्षमा करावी, या आपल्या शिष्याच्या, पेत्राच्या, प्रश्नावर ‘साताच्या सत्तर वेळा’ असे उत्तर देणारा येशू तुमच्या सोमवारांना कंटाळेल, असे मानू नका.

एवढ्याने मात्र धुऱ्याचा प्रश्न सुटत नाही. कृपा म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक नव्हे. तुम्ही भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करू शकता आणि हद्द निघेल ती, आपल्या विरुद्ध गेली तरी, मान्य करू शकता. पण वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर ते तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. दोन तास त्याने घेतले हे खरे, पण ते नको ते शब्द तुमचे होते. तेव्हा मोजणीची तारीख येण्यापूर्वी, जमिनीचा विषय न काढता, केवळ त्या शब्दांची क्षमा मागण्यासाठी एकदा त्याच्या घरी जाऊन या.