बी.एड. झालेलं असताना लिबरल आर्ट्समध्ये एम.ए. कशाला करायचं?

तुम्ही लिहिलंय की बी.एड. करून पुण्यात नऊ वर्षं गणित शिकवलं, आता डॅलसजवळच्या एका क्लासिकल चार्टर शाळेत (म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या, जुन्या अभिजात ग्रंथांवर भर देणाऱ्या शाळेत) नोकरी मिळतेय आणि मुख्याध्यापिकाबाई म्हणतात, जमलं तर लिबरल आर्ट्समध्ये एम.ए. करा. बी.एड. असताना हे कशाला, असा तुमचा प्रश्न.

आधी एक गैरसमज काढून टाका. लिबरल आर्ट्स म्हणजे तत्त्वज्ञान, साहित्य, इतिहास, गणित असे विषय मिळून केलेला व्यापक अभ्यास; ही बी.एड.च्या पुढची पायरी नाही. पाठटाचण, मूल्यमापन, वर्ग सांभाळणं हे तिथे फारसं नसतंच. शिक्षकाला पुन्हा बाकावर बसवून मूळ ग्रंथ वाचायला लावायचे, एवढाच उद्योग.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे सेंट जॉन्स कॉलेज. त्याची दोन आवारं आहेत, एक मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसला आणि दुसरं न्यू मेक्सिकोत सांता फेला. 1967 मध्ये सांता फेला हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला तोच शाळाशिक्षकांसाठी, उन्हाळी सुट्टीत करता यावा म्हणून. विभाग पाच: तत्त्वज्ञान-धर्मविचार, राजकारण-समाज, साहित्य, गणित-निसर्गविज्ञान आणि इतिहास. त्यातले चार पूर्ण केले की पदवी. प्रत्येक विभागात तीन वर्ग: सेमिनार, ट्युटोरियल आणि प्रिसेप्टोरियल. सेमिनारमध्ये टेबलाभोवती बसून एका ग्रंथावर चर्चा, ट्युटोरियलमध्ये थोडा मजकूर घेऊन ओळ न् ओळ, आणि प्रिसेप्टोरियलमध्ये एकच विषय किंवा पुस्तक धरून शेवटी मोठा निबंध. शिकवणाऱ्यांना तिथे प्रोफेसर म्हणत नाहीत, ट्युटर म्हणतात. ते व्याख्यान देत नाहीत. एक प्रश्न विचारतात आणि ऐकतात.

गणिताच्या शिक्षकांची गाडी नेमकी इथेच अडते. प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद घ्या; त्यात मेनो नावाचा तरुण आणि सॉक्रेटिस सद्गुणाबद्दल बोलतात. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू केवढी? मुलगा म्हणतो चार. क्षेत्रफळ येतं सोळा. मग म्हणतो तीन. नऊ येतं, हवं आठ. इथे गणिताचा शिक्षक पटकन बोलतो, ‘दोन रूट दोन!’ आणि चर्चा तिथेच संपते. पण त्या मुलाकडे रूट दोन नावाची संख्याच नाही. सॉक्रेटिस त्याला सांगतो, मोजता येत नसेल तर कोणत्या रेषेवरून ते दाखव. उत्तर आकडा नाही, चौरसाचा कर्ण आहे. ‘मोज’ वरून ‘दाखव’ वर तो का आला, हा प्रश्न तासभर पुरतो.

युक्लिडच्या भूमितीच्या ग्रंथाचंही तसंच. पहिल्याच सिद्धतेत समभुज त्रिकोणासाठी दोन वर्तुळं काढतात. ती एकमेकांना छेदतात हे युक्लिडच्या गृहीतकांतून सिद्ध होत नाही; ते आपण आकृतीत बघून मान्य करतो. दहावीपर्यंत भूमिती शिकवूनही ही फट दिसलेली नसते, कारण पाठ्यपुस्तकाला ती दाखवायची गरज नसते.

चर्चेच्या सुरुवातीचा प्रश्न काढणं ही खरी कारागिरी आहे आणि ती पहिले काही महिने चुकतेच. ‘मेनोने सद्गुणाच्या किती व्याख्या दिल्या?’ हा प्रश्न दोन मिनिटांत संपतो. ‘सद्गुण म्हणजे काय?’ विचारलं तर पुस्तक बाजूला पडतं आणि जो तो आपलं प्रवचन लावतो. प्रश्न मजकुरातल्या एका जागेवर बोट ठेवणारा हवा आणि त्याचं उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात नको. ते असलं की मुलांना लगेच वास येतो; मग ती विचार सोडून तुमचा चेहरा वाचायला लागतात. दुसरी चूक शांततेची. कोणी बोलेना की आपण स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. तयारीत नेमलेला भाग दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. टीकाग्रंथ आणि यूट्यूब बंद.

सगळीकडे मात्र असंच नसतं. तुमच्या जवळ अर्व्हिंगला युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस आहे. तिथे क्लासिकल एज्युकेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्यात या शिक्षणपद्धतीचाही विचार होतो. नोकरी सांभाळून करायचं तर माझ्या मते तुम्ही आधी तिथे चौकशी करावी. ते कॅथलिक विद्यापीठ आहे, हे लक्षात असू द्या.

शाळेत लॅटिन असेल तर घाबरू नका. शाळेतलं संस्कृत आठवत असेल तर विभक्ती हा प्रकार नवा नाही. लॅटिनमध्ये तृतीया, पंचमी आणि सप्तमीची बरीचशी कामं अ‍ॅब्लेटिव्ह नावाची विभक्ती एकटी उरकते, एवढाच गोंधळ होतो.

कागदपत्रांचं बघा. टेक्सासमध्ये चार्टर शाळेतल्या विषयशिक्षकाला साधारणपणे पदवी पुरते, पण डिस्ट्रिक्टच्या सरकारी शाळेत जायचं झालं तर राज्याचं सर्टिफिकेट सहसा लागतं आणि हे एम.ए. त्याची जागा घेत नाही. तीन वर्षांची भारतीय पदवी काही विद्यापीठं अपुरी धरतात, म्हणून बी.एड.च्या गुणपत्रिकाही जोडून विषयवार मूल्यांकन (तुमची पदवी अमेरिकेतल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, याचा अहवाल) करून घ्या, आणि ते कोणत्या संस्थेचं चालेल हे अर्जाआधी प्रवेश कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घ्या. पुण्याहून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचा अधिकृत गुणतक्ता) यायला वेळ लागतो, त्याचा अर्ज आजच टाका.