मुलाचा मल्टीमीटर आधी परत द्या

पत्र: मी छत्रपती संभाजीनगरात बावीस वर्षांपासून टुरिस्ट गाडी चालवतो. वेरूळ, अजिंठा, शिर्डी. मागच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचं एक जोडपं गाडीत होतं. त्यांनी मोबाइलवर दाखवलं, तिकडं बॅटरीवरच्या टॅक्सीला ड्रायव्हरच नसतो, स्टेअरिंग आपोआप फिरतं. तेव्हापासून झोप नाही. मुलाला बारावीला ७१ टक्के, सीईटीला ८४ पर्सेंटाइल पडले. पुण्याच्या एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून त्याला एआयला घालायचं ठरवलंय. एजंट म्हणतो प्लेसमेंटची गॅरंटी. पैठण तालुक्यातली दीड एकर विकतोय, गिऱ्हाईक बघून ठेवलंय. पण पोरगं ऐकत नाही. दिवसभर गल्लीतल्या बॅटरी रिक्षा खोलून बसतं. शेवटी त्याचं मीटर-बिटर काढून घेतलं अन् गाडीच्या डिकीत कुलपात टाकलं. लेकरू आमच्यावानी स्टेअरिंगवर बसू नये, एवढंच वाटतं. तुम्ही त्याला समजावून सांगा.

उत्तर:

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. समजावून सांगायला माझ्याकडे बरंच आहे, पण त्यातलं बहुतेक तुमच्यासाठी आहे. राग मानू नका.

पत्रात मार्क आहेत, पर्सेंटाइल आहे, जमीन आहे, एजंट आहे. मुलाचं म्हणणं मात्र एका ओळीतही नाही. तो ‘ऐकत नाही’ एवढंच कळतं. काय ऐकत नाही? पुण्याला जायला नाही म्हणतोय, एआयला नाही म्हणतोय, की जमीन विकू नका म्हणतोय? अठरा वर्षांच्या पोराला वडिलांची जमीन आपल्यापायी जातेय हे कळत नसेल, असं समजू नका. माझ्याकडे बसून रडलेली बरीच मुलं याच ओझ्याखाली होती. नापास होण्याची भीती एक वेळ झेपते. ‘तुझ्यासाठी रान विकलं’ हे चार वर्षं डोक्यावर घेऊन पहिल्या सेमिस्टरच्या गणिताला बसणं झेपत नाही. मग एक बॅकलॉग राहतो, तो घरी सांगायची हिंमत होत नाही, दुसरा राहतो, आणि आईबापांना तिसऱ्या वर्षी कळतं.

आणि ते मीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा त्याचा मल्टीमीटर. पोराच्या हातात सतत मोबाइल असतो म्हणून आईबाप माझ्याकडे येतात, तसं पत्र मी समजू शकते. तुम्ही त्याच्या हातातून अवजार काढून घेतलंत आणि मोबाइल राहू दिलात! बॅटरी रिक्षा धक्के खात चालायला लागली की तो काय करतो, कधी शेजारी उभं राहून बघितलंय? अशा रिक्षांमध्ये बहुधा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेली मोटर असते. तिला तीन जाड वायरी, शिवाय पाच बारीक वायरींचा एक जोड. त्या बारीक वायरी हॉल सेन्सरच्या, म्हणजे मोटरचा फिरता भाग (रोटर) कुठे आहे ते सांगणाऱ्या पुर्ज्यांच्या. पोरगं आधी लाल आणि काळ्यावर पाच व्होल्ट येतात का बघत असणार. मग मोटर हाताने हळूच फिरवून उरलेल्या तिन्हींवर व्होल्टेज शून्य-पाच, शून्य-पाच असं बदलतं का ते पाहणार. एखादी वायर हललीच नाही, तर तो सेन्सर गेला. हे कुठल्याही कोट्यातून मिळत नाही. फिनिक्सच्या त्या टॅक्सीची मोटर कितीतरी मोठी आहे, पण आतला रोटर नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय तिलाही फिरवता येत नाही. तुमचं पोरगं त्याच गाडीच्या पोटात हात घालून बसलं होतं, आणि तिच्याच भीतीने तुम्ही त्याला उठवलंत.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती खुळी नाही. फिनिक्समध्ये वेमो कंपनीची अशी टॅक्सी २०१८ च्या डिसेंबरपासून पैसे घेऊन धावते. आधी गाडीत माणूस असायचा. २०२० पासून सर्वसामान्य गिऱ्हाइकालाही ड्रायव्हरची सीट रिकामी असलेली गाडी मिळू लागली. नंतर सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस. चीनमध्ये वुहान शहरात बायडू कंपनीच्या अशाच गाड्या उतरल्या. टेस्लाने २०२५ मध्ये अमेरिकेतल्याच ऑस्टिनला सुरुवात केली, तीही शेजारच्या सीटवर देखरेखीला माणूस बसवून. पण जोडप्याने जे दाखवलं नाही, तेही ऐका. वेमोचं मूळ काम गूगलमध्ये २००९ ला सुरू झालं. गूगलचा पैसा हाताशी असूनही पहिलं भाडं मिळायला नऊ वर्षं लागली, तेही रुंद, सरळ रस्त्यांच्या आणि फारसा पाऊस नसलेल्या शहरात. जनरल मोटर्सची क्रूझ नावाची कंपनी याच धंद्यात होती. २०२३ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत तिच्या गाडीखाली एक बाई फरफटली गेली, परवाना गेला, आणि २०२४ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने टॅक्सीचा हा उद्योगच सोडून दिला. आपल्याकडे नितीन गडकरींनी २०२३ मध्ये जाहीर सांगितलं की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. मंत्र्यांच्या शब्दावर मी कुणाचं करिअर ठरवत नाही, तुम्हीही ठरवू नका. पण जालना रोडवर संध्याकाळी सहाला क्रांती चौक ते सिडको गाडी काढणारा माणूस तुम्ही आहात. उलट्या बाजूने येणारी दुचाकी, मधेच थांबलेली रिक्षा, दुभाजकावरून उतरलेली म्हैस, हे सगळं ती गाडी उद्या सकाळी शिकून येणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

‘आमच्यावानी’ हा शब्द मात्र मला टोचला. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून पाहुण्यांचा कार्यक्रम रविवारीच फिरवून देणारे तुम्ही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावून, पाहुण्यांना एसटीच्या बसमध्ये बसवून, चार तास थांबून, परत येताना म्हातारीला उलटी होतेय म्हणून गाडी हळू घेणारे तुम्ही. याच कामावर मुलगा बारावीपर्यंत सायन्सला शिकला. घरात रोज वडिलांच्या धंद्याची लाज ऐकली की पोरगं हाताने करायच्या प्रत्येक कामाची लाज बाळगायला शिकतं. तुमचं अजून शिकलेलं दिसत नाही, हे त्याचं नशीब.

आता एक गैरसमज, ज्यावर अख्खी दीड एकर उभी आहे. ‘विनाचालक गाडी म्हणजे एआय, म्हणून एआयची ब्रँच.’ एजंटही हेच सांगत असणार, मे-जूनमध्ये त्याला दुसरं येत नाही. तारखा बघा. आयआयटी हैदराबादने एआयमधलं बी.टेक. सुरू केलं २०१९ मध्ये. तेव्हा फिनिक्समध्ये टॅक्सी भाडं घेत होती. म्हणजे ज्यांनी ती बनवली ते एआय नावाच्या ब्रँचमधून आलेले नव्हते. ते आले इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर, गणित, रोबोटिक्स अशा विषयांतून, आणि त्यातले बरेच पुढे एम.एस., पीएच.डी. करून. गाडीच्या डोक्यावरचा लायडार लेझरचे ठोके सोडून प्रत्येक वस्तू किती लांब आहे ते मोजतो, सोबत रडार, कॅमेरे. त्यातून आलेला आकड्यांचा ढीग समजून घ्यायचा तर संभाव्यता आणि मॅट्रिक्स पक्के लागतात. ते ब्रँचच्या नावाने येत नाहीत. शिवाय गाडी म्हणजे नुसतं डोकं नव्हे. ब्रेकची एक यंत्रणा बंद पडली तर दुसरीने लगेच धरावं लागतं, बॅटरी तापता कामा नये, सेन्सरच्या काचेवरची धूळ कुणीतरी पुसावी लागते, डेपोत चार्जिंगची केबल माणूसच लावतो. रस्त्याचं काम बघून गाडी गोंधळली की लांबच्या खोलीत बसलेल्या माणसाला विचारते. गंमत म्हणजे उतारूने दार नीट लावलं नाही, तर ही हुशार गाडी जागची हलत नाही. दार लावायला माणूस शोधावा लागतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: मॅनेजमेंट कोटा नको, जमीन विकू नका. प्लेसमेंटची ‘गॅरंटी’ एजंटाला लेखी द्यायला सांगा, मग त्याचा फोन लागतो का बघा. आणि एक गोष्ट बहुतेक पालकांना प्रवेश झाल्यावर कळते: शासनाची फी सवलत, शिष्यवृत्ती ही कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून झालेल्या प्रवेशाला मिळते, मॅनेजमेंटच्या जागेला नाही. तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असणार. ट्यूशन फी माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांसाठीही अर्ज करता येतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आजच काढायला टाका, जून-जुलैत तिथे रांग असते.

मार्गांचं फार सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत आहेत. ८४ पर्सेंटाइलवर कॅपमधून इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सला बरं कॉलेज मिळालं तर घ्यावं, मराठवाड्यात मिळालं तर राहण्या-खाण्याचा खर्चही वाचतो. नाही मिळालं तर बारावी सायन्सवर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एक वर्ष जास्त जातं, जाऊ दे. चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम एकदा बापलेकांनी बघून या. वाळूजला बजाजच्या तीनचाकी बनतात, बिडकीनला बॅटरी स्कूटरवाल्या एथरने आणि टोयोटाने कारखाने जाहीर केलेत. जाहीर केलेला कारखाना म्हणजे नोकरी नव्हे, तेही सांगून ठेवते. पण बॅटरी, मोटर, कंट्रोलर कळणाऱ्या पोराला गाडी ड्रायव्हरची असो की बिनड्रायव्हरची, काम लागतंच.

आता थोडं तुझ्याशी, कारण हे उत्तर वडील तुलाही दाखवणार.

बाळा, रिक्षा दुरुस्त करतोस म्हणून अभ्यास सुटला तर मी वडिलांच्या बाजूने उभी राहीन. बारावीला ७१ टक्के आहेत, फिजिक्स-गणितात किती ते मला कळलेलं नाही. हॉल सेन्सर का बदलतो हे तुला हाताने कळलंय, आता ते पुस्तकात शोध. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांच्या साइटवर, इलेक्ट्रिक मशीन्सचे तास फुकट आहेत, इंग्रजी अवघड वाटलं तर थांबवून थांबवून बघ. सी किंवा पायथन यातली एक भाषा आत्ताच धर. आणि लिथियम बॅटरीचा पॅक घरात, पलंगाजवळ उघडायचा नाही. हे वडिलांनी सांगितलं असतं तर मी त्यांचीच बाजू घेतली असती.

तुला खरंच एआय करायचं असेल आणि वडील म्हणतात म्हणून तू हट्टाने नाही म्हणत असशील, तर तेही मला कळव. वडिलांच्या फोनवरून नको, स्वतः लिही. आणि कॅपचा पसंतीक्रम भरायच्या आधी एका कागदावर तुझी यादी तू एकट्याने कर. पहिल्या फेरीत पहिल्याच नंबरचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरवर जायचंच आहे असंच कॉलेज लिही. मग ती यादी वडिलांसमोर ठेव, प्रत्येक नावापुढे कारण लिहून. भाऊ, तुम्ही ती पूर्ण वाचून होईपर्यंत मधे बोलू नका. दोन-चार नावं खालीवर करावीशी वाटली तर त्याला कारण विचारा, आणि फॉर्म कन्फर्म करायचं बटण त्यालाच दाबू द्या.