पगार घ्यावा की अनुदान राखावे?

प्रश्न : आमच्या चाळीत राहणाऱ्या एका बाईंना नवऱ्याने टाकले आहे. पदरी दोन मुले आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहा १,५०० रुपये त्यांना मिळतात. आता दादरच्या एका पोळी-भाजी केंद्रात त्यांना महिना ९,००० रुपयांचे काम चालून आले आहे, परंतु अनुदान जाईल या धास्तीने त्या अजून होकार देत नाहीत. आमचे यजमान म्हणतात की अमेरिकेने मदत तोडली तेव्हा तिथल्या एकट्या आया कामाला लागल्या, इथेही तेच करावे. हे कितपत खरे? बाईंना काय सांगावे?
— एक वाचक, परळ

उत्तर : यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे. अमेरिकेत १९३५ पासून गरीब आयांना मुलांसाठी रोख मदत मिळत असे. २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने ती हक्काची मदत संपवली, केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात सर्वसाधारणपणे पाच वर्षेच मदत मिळेल अशी मुदत घातली आणि कामाची अट लावली. १९९४ मध्ये सुमारे ५० लाख कुटुंबे ही मदत घेत होती. २००० पर्यंत त्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि एकट्या आयांमधले नोकरीचे प्रमाण झपाट्याने वाढले.

मात्र ही घसरण कायद्याच्या आधीच सुरू झाली होती. त्या काळात नोकऱ्या मुबलक होत्या. २००० साली बेरोजगारी ४ टक्क्यांवर आली होती. शिवाय १९९३ मध्ये कमी पगारदारांसाठीची करसवलत वाढवण्यात आली, तिचा वाटा माझ्या मते यजमान विसरतात. दोन मुलांच्या आईने १०० डॉलर कमावले, तर ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार त्यावर आणखी ४० डॉलर देऊ लागले, म्हणजे काम केले की हातात पडणारी रक्कम वाढत होती. यांपैकी कशाचा वाटा किती, यावर अर्थतज्ज्ञांचा वाद आजही मिटलेला नाही. पण नुसत्या दट्ट्याने हे घडले असे म्हणता येत नाही. ज्यांना मदतही उरली नाही आणि कामही टिकले नाही अशा आयाही त्यानंतर दिसू लागल्या, आणि २००८ च्या मंदीत गरज वाढूनही या रोख मदतीची यादी फारशी वाढली नाही.

आपल्याकडची अडचण नेमकी उलटी आहे. निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागते, म्हणजे महिन्याला १,७५०. मुंबईत दोन घरची धुणीभांडी धरली तरी ही रेघ ओलांडली जाते. रेघेपलीकडे अनुदान थोडेथोडे कमी होत नाही, एकदम जाते. त्यामुळे बाया काम सोडत नाहीत, काम लपवतात. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहण्याकरिता ज्या कामावर दांडी मारावी लागते, ते काम कागदावर नसतेच. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

बाईंनी नोकरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १,५०० गेले तरी ७,५०० रुपये जास्त येतील, आणि लपवाछपवीत पुढे वसुलीचा ससेमिरा मागे लागू शकतो. ‘लाडकी बहीण’ योजनेची रक्कमही १,५०० च आहे, पण तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. बाईंचे वर्षाचे १,०८,००० त्यात सहज बसतात. मात्र दोन्ही अनुदाने एकदम घेता येत नाहीत, आणि ‘लाडकी बहीण’ची नोंदणी ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली होती, तेव्हा ती पुन्हा उघडली आहे का, हे आधी अंगणवाडी सेविकेकडे विचारून मगच निराधारचे नाव कमी करण्याचा अर्ज द्यावा. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करता येतो. परित्यक्ता आईची मुले त्यात येतात.

रुजू होण्यापूर्वी केंद्रात किती माणसे कामाला आहेत, तेही विचारावे. दहा किंवा अधिक असतील तर मालकाने राज्य कामगार विम्यात बाईंचे नाव घालायला हवे, म्हणजे त्यांच्यासह मुलांच्याही औषधपाण्याची सोय होते. तिथेही मर्यादा २१,००० रुपयांचीच आहे, फक्त ती महिन्याच्या पगाराची.