खतं-औषधं बंद केली की शेती शाश्वत होते ना? मग ‘अ‍ॅग्रोइकॉलॉजी’ कशाला?

तुमच्या प्रश्नाचा रोख मला असा कळला: रसायनं बंद केली की काम झालं, मग अ‍ॅग्रोइकॉलॉजी (निसर्गातल्या नात्यांवर शेती उभी करणं) हा वेगळा शब्द कशाला, आणि शेती ‘न्याय्य’ही हवी वगैरे त्यात मध्येच कुठून आलं? मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. (शब्द तसा नवा नाही. बेन्सिन नावाच्या रशियन कृषिशास्त्रज्ञाने तो १९२८ च्या सुमारासच वापरला होता.)

‘बंद केली की झालं’ हा प्रयोग एका अख्ख्या देशावर करून झालाय. श्रीलंकेने मे २०२१ मध्ये रासायनिक खतं आणि कीटकनाशकांची आयात एका फटक्यात थांबवली. भाताचं उत्पादन घसरलं, चहालाही झळ बसली, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि नोव्हेंबरमध्ये बंदी बऱ्याच अंशी मागे घ्यावी लागली. ‘बघा, रसायनांशिवाय जमतच नाही’ असं यावरून सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. शेतीची सगळी घडी खताच्या गोणीवर बसवलेली होती आणि कुणीतरी गोणी तेवढी ओढून घेतली. पिकाला नत्र कुठून मिळणार, कीड कोण खाणार, याची तजवीज कुणीच केली नव्हती. ती तजवीज म्हणजे अ‍ॅग्रोइकॉलॉजी.

माझं आवडतं उदाहरण पूर्व आफ्रिकेतलं आहे. तिथे मक्याला दोन शत्रू, खोडकीड आणि टारफुला. टारफुला हे मुळांवर जगणारं तण. वर दिसेपर्यंत पिकाचं नुकसान होऊन गेलेलं असतं. केनियातली कीटकशास्त्र संस्था ‘इसिपे’ आणि इंग्लंडमधलं रॉथमस्टेड हे शेती संशोधन केंद्र यांनी १९९० च्या दशकात यावर एक मांडणी बसवली: मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती आणि शेताच्या कडेने नेपियर गवत. खोडकिडीचे पतंग नेपियरकडे ओढले जातात आणि तिथे अंडी घालतात. पण अळी खोड पोखरायला लागली की गवतातून चिकट द्रव पाझरतो आणि बहुतेक अळ्या त्यातच संपतात. डेस्मोडियममुळे मक्यावर कीड कमी येते. ती त्याच्या वासामुळे की त्याच्या चिकट लवेमुळे, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, पण पिकाचं त्यावाचून अडलेलं नाही. याच डेस्मोडियमची मुळं टारफुल्याच्या बियांना उगवायला भाग पाडतात आणि मक्याच्या मुळाला मात्र चिकटू देत नाहीत. कोंब उपाशी मरतो. शिवाय जमिनीत नत्र येतं, जमीन झाकलेली राहते आणि दोन्ही वनस्पतींचा चारा होतो, म्हणजे दूध आलं, शेणही आलं. यातली एकही गोष्ट बाटलीत भरून विकता येत नाही.

स्टीफन ग्लीसमन या अभ्यासकाने या वाटेचे पाच टप्पे सांगितले आहेत. आधी खतं-औषधं जपून वापरायची, मग त्यांच्या जागी जैविक पर्याय आणायचे, आणि तिसऱ्या टप्प्यावर शेताची रचनाच बदलायची. ‘सेंद्रिय’ लेबलाचं बरंचसं उत्पादन दुसऱ्या टप्प्यावर अडकतं. कारखान्यातली बाटली जाऊन निंबोळी अर्काची बाटली येते. शेतात एकच पीक तसंच उभं. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा घोळ इथे आहे. चौथा टप्पा पिकवणारा आणि खाणारा यांना जोडण्याचा, पाचवा सगळी अन्नव्यवस्था बदलण्याचा.

आता ‘न्याय्य’कडे. डेस्मोडियम बहुवार्षिक आहे. एकदा नीट रुजलं की वर्षानुवर्षं चालतं, पण पहिल्या हंगामात खुरपणीचं काम वाढतं आणि बियाणं सहज मिळत नाही. ज्याची जमीन पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नाही, तो खंडकरी ते का लावेल? खुरपणी घरातल्या बाईच्या वाट्याला येणार आणि चारा विकून आलेले पैसे दुसऱ्याच्या हातात जाणार असतील, तर तिने का लावावं? जमीन, बियाणं आणि श्रम कुणाच्या हातात आहेत हा प्रश्न वरून चिकटवलेला नाही, तो त्या ओळींच्या मध्येच उभा आहे.

धोरणाचंही तसंच. इंडोनेशियात सरकार कीटकनाशकांवर मोठं अनुदान द्यायचं. फवारण्यांनी कोळी आणि इतर मित्रकीटक मेले आणि भातावरचे तपकिरी तुडतुडे उलट वाढले. १९८६ साली सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही संपवलं. पण श्रीलंकेपेक्षा एक मोठा फरक होता: १९८९ पासून तिथे शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी दर आठवड्याला बांधावर जमून किडी आणि मित्रकीटक मोजायचे आणि फवारायचं की नाही ते स्वतः ठरवायचे.

रचना बदलताना सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्न घटू शकतं. ती तूट कुणी सोसायची? आज ती जवळजवळ सगळी शेतकऱ्यावर पडते. जपानमध्ये १९७० च्या दशकात ग्राहकांचे गट थेट शेतकऱ्यांशी बांधले गेले. ‘तेइकेई’ म्हणतात त्याला. फ्रान्समध्ये २००१ पासून लोक हंगामाआधीच पैसे भरतात आणि पीक बुडालं तर तोटाही वाटून घेतात. मला ही कल्पना आवडते, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. तेइकेईचा माल वाटायचं काम बहुतांशी गृहिणींनी बिनपगारी केलं, आणि त्या नोकरीला लागल्यावर अनेक गट विरले. आगाऊ पैसे भरायलाही खिशात आधी पैसे लागतात. मला ब्राझीलची वाट जास्त भरवशाची वाटते: २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशांपैकी किमान ३० टक्के खरेदी कुटुंबशेती करणाऱ्यांकडूनच करणं बंधनकारक केलं, आणि २०२६ पासून हे प्रमाण ४५ टक्के झालं. तिथे लेबल परवडतं का, हा प्रश्न जेवणाऱ्या मुलाला पडत नाही.